माळ्यावरची जुनी रेसर फ्रेम : तिचं काय काय करता येईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे मामांची एक रॅले आहे. म्हणजे कधीकाळी ती अख्खी सायकल होती. माझ्या हाती आली तेव्हा नुसती फ्रेम आणि पुढचा चिमटा उरला होता. मामा सत्तरच्या दशकात नोकरीसाठी इंग्लंडला होते, परत येताना त्यांनी ती सुटी करून खोक्यातून आणली. नंतर चाकं कुणी नेली, ब्रेक कुठे गेले, याबद्दल घरात तीन वेगवेगळ्या कथा आहेत. गेल्या बारा वर्षांत मी ती चार वेळा बांधली आणि तीन वेळा सोडली. जो येतो तो तिच्याकडे बघून तेच ते प्रश्न विचारतो, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढतोय.

इथे ‘रेसर’ म्हणजे साधारण साठ ते ऐंशीच्या दशकातली, नळ्या लगमध्ये (सांध्यावरच्या बाहीसारख्या तुकड्यांत) बसवून पितळी किंवा चांदीच्या झाळीने जोडलेली स्टीलची फ्रेम. कार्बनवाल्यांनी गंमत म्हणून वाचावं.

फ्रेम मोकळी पडली आहे. सुरुवात कुठून करू?

खरेदी न करण्यापासून. गंमत नाही करत. बहुतेक जण आधी सुंदरसं लेदरचं सीट किंवा चमकदार क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढची दातेरी चकती) घेतात आणि मग ते फ्रेमला बसवायला निघतात. मीही तेच केलं होतं. ते क्रँक अजून कपाटात आहे. आधी एक व्हर्नियर कॅलिपर (मिलिमीटरचे दशांशही मोजणारं माप) घ्या, वही घ्या, फ्रेम उलटीसुलटी करून मापं लिहा. काय होऊ शकतं आणि काय नाही, हे त्या वहीतच ठरतं.

दुसरी गोष्ट. ही तुमची जादाची फ्रेम आहे. रोजची किंवा लांब पल्ल्याची सायकल तुमच्याकडे आधीच आहे. तेव्हा तिचीच कमअस्सल नक्कल करण्यात काय हशील? पहिल्या सायकलीकडून जे होत नाही ते हिच्याकडून करून घ्या. पहिली गिअरची असेल तर ही बिनगिअरची करा. पहिलीला मडगार्ड बसत नसतील तर हिला बसवा. पहिलीला मंडईच्या बाहेर उभी करायची भीती वाटत असेल, तर ही मंडईत जाणारी होऊ दे.

फ्रेम खरंच चांगली आहे, की नुसती जुनी आहे?

सीटच्या नळीवर स्टिकर उरला असेल तर काम सोपं. ‘रेनॉल्ड्स ५३१’ म्हणजे मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील, १९३५ साली बाजारात आलेलं आणि पुढे कित्येक दशकं इंग्लंडच्या उत्तम फ्रेमांचा कणा राहिलेलं. इटलीत मिलानची कोलंबस, जपानमध्ये टँगे आणि इशिवाता. यांच्या चांगल्या नळ्या दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. कोलंबस एसएलची भिंत टोकाला ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६. झाळीची उष्णता आणि ताण टोकांना सोसावा लागतो, मधल्या भागात उगाच वजन कशाला, असा साधा हिशेब.

स्टिकर नसेल तर सीट पोस्टचं, म्हणजे सीटखालची दांडी जिथे शिरते ते, भोक मोजा. २७.२ मिलिमीटर भरलं, तर सीटची नळी पातळ भिंतीची, म्हणजे फ्रेम वरच्या दर्जाची असण्याची शक्यता भरपूर. २५.४ किंवा २६ च्या आसपास भरलं, तर नळी जाड आणि बहुधा साध्या स्टीलची. मग मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो ते ड्रॉपआउट पाहा. ते घडीव आणि जाड असतील तर कारागिराने मन लावलेलं आहे. पत्र्यातून दाबून काढल्यासारखे चपटे असतील तर कारखान्याची घाईची गाडी.

साध्या स्टीलची निघाली म्हणून टाकून मात्र देऊ नका. बाजारहाटाच्या सायकलीला किलोभर वजनाने काही फरक पडत नाही, आणि चोराचंही लक्ष जात नाही.

जाता जाता: ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या इंग्लिश कंपनीकडे रेनॉल्ड्स होती आणि १९६० पासून रॅलेही. त्याच कंपनीने मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ साली मद्रासला टीआय सायकल्स काढली, जिच्या हर्क्युलस आणि बीएसए आपण लहानपणी चालवल्या. तेव्हा मामांची रॅले आणि शेजारच्या ताईची बीएसए लेडीबर्ड या लांबच्या का होईना, नात्यातल्याच.

अपघातात सापडलेली फ्रेम कशी ओळखायची?

पुढची नळी आणि खालची तिरपी नळी जिथे मिळतात, तिथे लगच्या जरा मागे, खालच्या अंगाने बोट फिरवा. समोरून धडकलेली फ्रेम तिथेच सुरकुतते. रंगात आडवी लाट किंवा केसाएवढी भेग दिसली तर थांबा. चिमटा बाजूने बघा: त्याची वरची सरळ बाजू पुढच्या नळीच्या रेषेत हवी, मागे झुकलेली नको. शिवाय बीबीचा (बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो तो) डबा, ड्रॉपआउटची भोकं आणि चेनस्टेमधला (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांमधला) आडवा तुकडा बॅटरी मारून तपासा.

नुसता वाकलेला चिमटा स्टीलचा असेल तर जाणकार माणूस सरळ करू शकतो. सुरकुतलेल्या नळीची फ्रेम चालवायची नसते. ती भिंतीवर शोभते.

नेमकी कोणती मापं घ्यायची?

पाच. इथे जरा सावकाश वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिलं, मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर. १२० मिलिमीटर असेल तर फ्रेम पाच गिअरच्या जमान्यातली, १२६ असेल तर सहा-सात गिअरच्या, १३० असेल तर आठ किंवा त्याहून जास्त गिअरच्या काळातली. मागचं चाक कोणतं घ्यायचं ते यावरून ठरतं.

दुसरं, बीबीच्या डब्याची रुंदी आणि आटे. इंग्लिश म्हणजे बीएसए आटे: रुंदी ६८ मिलिमीटर, चेनच्या बाजूचे आटे उलटे. इटालियन: रुंदी ७०, दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. फ्रेंच: व्यास ३५ मिलिमीटर, रुंदी इंग्लिशसारखीच ६८ आणि दोन्ही सुलटे, त्यामुळे नुसत्या रुंदीवरून फसायला होतं. स्विस त्याहून चमत्कारिक: माप फ्रेंच, पण चेनकडचे आटे उलटे. रॅलेच्या कित्येक जुन्या सायकलींत तर कंपनीचे स्वतःचे, इंचाला २६ आटे असायचे. आधुनिक सीलबंद बीबी इंग्लिश आट्यांची सहज मिळते, इटालियन शोधावी लागते आणि फ्रेंचसाठी नशीब लागतं. आणि हो, ‘बीएसए आटे’ मधली बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, तीच लेडीबर्डवरची.

तिसरं, हेडसेट (चिमटा ज्यावर फिरतो ते छर्रे आणि कप) आणि हँडलचा स्टेम. एक इंची, आट्यांचा हेडसेट असेल, आणि स्टेम चिमट्याच्या नळीत आत उतरून पाचरीने घट्ट होणारा. इंग्लिश, इटालियन, जपानी स्टेमचा व्यास २२.२ मिलिमीटर, फ्रेंच २२.०. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. ठोकून बसवून पाहिलंत की कळेल.

चौथं, सीट पोस्ट. ०.२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मापं बदलतात. ढिला पोस्ट पत्र्याची पट्टी घालून बसवायचा मोह होईल. तात्पुरतं ठीक, कायमचं नको. लगचे कान वाकतात.

पाचवं, ब्रेकची पोच. ब्रेकच्या बोल्टच्या भोकापासून रिमच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे मोजायला ज्या मापाची चाकं वापरायची त्याच मापाचं चाक उसनं आणून फ्रेममध्ये धरावं लागतं. मित्राकडून आणा.

चाक कोणत्या मापाचं? दुकानात २७ इंची, २८ इंची, ७००सी असं काहीही सांगतात.

इंच विसरा. टायरच्या कडेवर छापलेला तीन आकडी मिलिमीटरचा अंक बघा, तो टायर रिमवर जिथे बसतो तो व्यास. ७००सी म्हणजे ६२२. जुन्या इंग्लिश रेसरचं २७ इंची म्हणजे ६३०. आपल्याकडच्या काळ्या दूधवाल्या सायकलीचं २८ बाय दीड म्हणजे ६३५. म्हणजे नावाने २८ असलेलं दिसायला २७ च्या जवळ, आणि तिन्ही एकमेकांच्या टायरला नालायक.

तुमची फ्रेम २७ इंची असेल तर ७००सी चाकं लावा, एवढाच माझा सल्ला. त्रिज्या ४ मिलिमीटरने कमी होते, म्हणून ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली सरकवावे लागतात. बऱ्याच जुन्या ब्रेकांत तेवढी खाच असते. बदल्यात टायरला वर जागा मिळते आणि हव्या त्या जाडीचे टायर भारतात कुठेही मिळतात.

आणखी एक. जुनी स्टीलची रिम चमकते छान, पण ओली झाली की ब्रेक लागतच नाही. जुलै महिन्यात उतारावर याचा अनुभव मी एकदा घेतलाय, पुन्हा घ्यायचा नाही. रिम ॲल्युमिनियमचीच.

१२० किंवा १२६ च्या फ्रेममध्ये १३० चं चाक बसतं का?

१२६ मध्ये बसतं. दर बाजूला २ मिलिमीटर, हाताने ताणून सरकवलं की झालं. १२० असेल तर दर बाजूला ५ मिलिमीटर हवेत, त्यासाठी फ्रेम कायमची फाकवावी लागते. हे फक्त स्टीलला चालतं. व्हिटस किंवा आलानसारख्या जुन्या, चिकटवून जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला, किंवा कार्बनला, हा प्रयोग अजिबात नाही. रेनॉल्ड्स ७५३ ही उष्णतेची प्रक्रिया केलेली, कागदासारखी पातळ नळी. तिच्याही वाटेला जाऊ नका.

पद्धत अशी: आटेवाली लांब सळई, चार नट आणि वायसर. सळई ड्रॉपआउटमध्ये बसवायची, आतले नट बाहेरच्या दिशेने फिरवत फाकवायचं, सोडायचं, मोजायचं. स्टील परत येतं, म्हणून १३० मिळवायला त्याच्या बरंच पुढे जावं लागतं. घाई करू नका. दोन्ही बाजू सारख्या सरकल्या का, हे पाहायला सुतळी लागते: एका ड्रॉपआउटपासून निघून पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. सारखं यायला हवं. नसेल तर जी बाजू कमी गेली ती एकटी रेटा. शेवटी दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करून घ्यायला विसरू नका, नाहीतर एक्सल वाकतात.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पेठेतले एक मिस्त्रीकाका बाजूला उभे होते. सळईबिळई बघून म्हणाले, “अहो, एवढा सोहळा कशाला, मी गुडघ्याने करून दिलं असतं.” त्यांनी दिलंही असतं. पण त्यांच्या गुडघ्याला चाळीस वर्षांचा सराव होता.

सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करावी का?

पहिल्यांदाच बांधत असाल तर हीच करा. गिअरच्या तारा नाहीत, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नाही, बिघडायला फारसं काही नाही आणि जुन्या फ्रेमच्या रेषा मोकळ्या दिसतात. अट एकच: मागचे ड्रॉपआउट आडवे किंवा तिरपे असावेत, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. ऐंशीच्या दशकापर्यंतच्या बहुतेक फ्रेमांना तसेच असतात. उभे असतील तर चेन ताणणारा जादाचा भाग लावावा लागतो, आणि निम्मी शोभा जाते.

दात किती, यावर लोक वाद घालतात. पुण्यासारख्या चढउताराच्या गावासाठी मी पुढे ४२ आणि मागे १८ सुचवतो. गुणोत्तर २.३३. मिनिटाला ८० वेळा पायडल फिरवलं तर ७०० बाय २५ च्या टायरवर ताशी साधारण साडेतेवीस किलोमीटर. कात्रजचा चढ उभं राहून निघतो, उतारावर पाय मोकळे सोडायचे. सपाट नागपुरात राहणाऱ्याने मागे १६ घ्यावेत. कोकणात घरच टेकडीवर असेल तर २० सुद्धा जड वाटतील.

खरी मेख चेनलाइनची. पुढचं दातेरी चाक आणि मागची फ्री एका सरळ रेषेत यायला हव्यात. मागून एक डोळा मिटून चेनवरून नजर टाका. दोन-तीन मिलिमीटर तिरकी असेल तर आवाज करील, जास्त असेल तर चेन पडेल. दुरुस्ती बीबीच्या एक्सलची लांबी बदलून किंवा एक्सलवरचे वायसर इकडचे तिकडे करून होते. वायसर बदलले तर चाक एका बाजूला सरकतं, मग आऱ्या ताणून रिम पुन्हा मध्यावर आणायची. चेनची रुंदीही बघा: आपल्या साध्या सायकलीची चेन १/८ इंची, रेसरच्या दातांना ३/३२ पुरते. जाड चेन पातळ दातांवर चालते, उलटं चालत नाही.

आणि फिक्स्ड, म्हणजे मागे फ्री नसलेली?

ज्यांना जमतं त्यांनी करावी. पायडल थांबत नाही, हे रिक्षावाल्याला माहीत नसतं. पुढचा ब्रेक लावल्याशिवाय रस्त्यावर काढू नका, कोणी कितीही स्टाइल मारो.

हबच्या आतले तीन गिअर कसे?

माझी सगळ्यात लाडकी जुळणी हीच, आणि मामांची रॅले सध्या अशीच आहे. मूळची नॉटिंगहॅमची स्टर्मी-आर्चर ही कंपनी १९०२ पासून असे हब करत आली. त्यांचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब इतका टिकाऊ की पन्नास-साठ वर्षं जुना हब धुऊन, तेल घालून पुन्हा चालू झालेला मी स्वतः पाहिलाय. गणित सोपं: मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा त्याच्या सव्वा पटीहून थोडा जास्त, नेमका ४/३. पुढे ४४, मागे २० लावले तर गुणोत्तरं १.६५, २.२ आणि २.९३. शहरातली कामं, एखादा बेताचा चढ आणि परतीचा उतार, तिन्ही होतात.

जुन्या एडब्ल्यूत एक खोड आहे. तार नीट जुळवलेली नसेल तर मधल्या आणि वरच्या गिअरच्या मध्ये काहीच पकडत नाही, पाय एकदम मोकळा फिरतो. उभं राहून चढ चढताना असं झालं तर दांडीवर आदळता, आणि पुढचं सांगायला नको. तार आठवड्याने एकदा बघा. एक्सल आपोआप फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना दातेरी वायसर लागतात, तेही विसरू नका.

मला घाट चढायचाय. पुरते गिअर हवेत.

मग जुन्या शर्यतीच्या गिअरचं कौतुक बाजूला ठेवा. त्या काळी पुढे ५२ आणि ४२, मागे फार तर २४ असायचे. बोरघाटातून मुंबई-पुणे शर्यत मारणाऱ्यांच्या मांड्या वेगळ्या होत्या. तुमचं-आमचं ४२ बाय २४, म्हणजे १.७५, सिंहगडाच्या अर्ध्यावर थांबायला लावेल.

पुढे ५०-३४ चं कॉम्पॅक्ट क्रँक लावा, मागे २८ किंवा ३२ पर्यंत जा. जुन्या क्रँकला लहान चकती लागते का, हे पाच बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासावर ठरतं. १४४ मिलिमीटरच्या जुन्या कँपाग्नोलोला ४१ पेक्षा लहान बसत नाही, १३० ला ३८, ११० ला ३४ आरामात. मागे १३० मिलिमीटरचा आठ गिअरचा हब आणि कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा दातेरी चकत्यांचा गट). फ्रीव्हीलच्या जुन्या हबपेक्षा (ज्यावर फ्रीसकट चकत्या आट्यांवर बसतात) कॅसेटचा हब एका कारणाने बरा: फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे फार आत असतात, एक्सलचा बराच तुकडा आधाराविना राहतो आणि खड्ड्यात वाकतो. आपल्याकडे खड्ड्यांची वानवा नाही.

गिअर बदलायला खालच्या नळीवरचे जुने दांडे, टप्पे नसलेले, फ्रिक्शनचे. टप्पे नाहीत म्हणजे मागे सहा असोत की नऊ, कोणतीही कॅसेट, कोणताही डिरेलर चालतो. शिमानोने १९८४ साली ड्युरा-एसमध्ये टिकटिक वाजणारे टप्पे आणले. त्याआधी बहुतेक रेसरवाले कानाने आणि अंगठ्याने गिअर लावायचे. दोन दिवसांत सवय होते. हात हँडलवरून काढायचा नसेल तर हँडलच्या टोकाला बसणारे दांडे मिळतात. ब्रेकच्या मुठीतले आधुनिक गिअरही लागतात, पण त्यात मुठींचाच खर्च बाकी अख्ख्या सायकलीएवढा होऊन बसतो.

पावसाळ्यात चालवायला मडगार्ड, जाड टायर बसतील?

साठ-सत्तरच्या दशकातल्या २७ इंची फ्रेमला ७००सी लावलं तर बहुतेक वेळा २८ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि मडगार्ड दोन्ही बसतात. ड्रॉपआउटला मडगार्डचं भोक आहे का ते बघा. ऐंशीच्या दशकातल्या कडक शर्यतीच्या फ्रेमात मात्र बोटभरही जागा नसते.

अशा अवघडलेल्या फ्रेमसाठी एक तोड आहे: ६५०बी चाकं, म्हणजे ५८४ चा व्यास. त्रिज्या १९ मिलिमीटरने घटते, तेवढी जागा टायरला मिळते. ब्रेक मात्र १९ मिलिमीटर लांब पोचायला हवेत; टेक्ट्रो आर५५९ या ब्रेकची पोच ५५ ते ७३ मिलिमीटर आहे, त्यात बसतंय का ते आधी मोजा. चेनस्टेच्या दोन नळ्यांमध्ये जाड टायर घासतो का, हेही. टायर बारीक घेतला तर बीबी खाली येते आणि वळणावर पायडल टेकतं.

आधुनिक ब्रेक लावताना एक अडचण सगळ्यांनाच येते. जुन्या फ्रेममधलं भोक आरपार ६ मिलिमीटरचं, बाहेरून नट. नव्या ब्रेकचा नट आत बुडतो, त्याला ८ चं भोक हवं. चिमट्याच्या फक्त मागच्या बाजूचं भोक ८ चं करायचं, पुढचं नाही.

अगदी मूळ रूपात आणावी का?

हौस आणि चिकाटी असेल तर जरूर. इटलीत तस्कनीमधल्या गायोले इन कियांतीला १९९७ पासून ‘ल’एरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते, पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून. सायकल १९८७ च्या आधीची, गिअरचे दांडे खालच्या नळीवर, पायडलला पट्टे आणि ब्रेकच्या तारा मुठीतून वर उघड्या निघालेल्या, अशा अटी आहेत. मूळ रूपाचा निकष हवा असेल तर हाच धरा.

पण ‘मूळ’च्या मागे लागलं की सायकल चालवायची राहून जाते, हेही पाहिलंय. एक परिचित चार वर्षं डाव्या ब्रेकच्या रबराच्या टोपीची वाट पाहत आहेत. सायकल बैठकीत चादरीखाली आहे.

रंग पावडर कोटिंग करू की साधा?

जुना रंग सत्तर टक्के शाबूत असेल तर हात लावू नका. कार पॉलिश लावा, ओरखड्यांवर जुळणारा नेलपेंट. हो, नेलपेंट. मामींनीच रंग निवडून दिला.

पूर्ण उतरवायचाच असेल तर पावडर कोटिंग टिकाऊ. भट्टी दोनशे अंशांच्या आसपास असते, पितळी झाळीला त्याने काही होत नाही. भीती आधीच्या सँडब्लास्टिंगची, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग उतरवण्याची. गेट-ग्रिल करणाऱ्या माणसाला ०.६ मिलिमीटरची नळी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. माझी फ्रेम ज्यांच्याकडे दिली होती त्यांनी बीबीच्या आट्यांवर आणि हेडसेटच्या कपाच्या जागी सुद्धा झकास जाड थर चढवून दिला. लेथवाल्याकडे नेऊन टॅप फिरवून आटे मोकळे करेपर्यंत महिना गेला. तेव्हा आटे, कपाच्या जागा आणि सीट पोस्टचं भोक तुम्ही स्वतः, स्वतःच्या हाताने टेप लावून झाका. शिवाय लगच्या नाजूक कडा पावडरच्या जाड थरात बुजतात. त्या दिसायला हव्या असतील तर साधा स्प्रे रंगच बरा.

सीट पोस्ट जाम बसलाय, निघतच नाही.

ॲल्युमिनियमचा पोस्ट, स्टीलची नळी आणि मध्ये दमट हवा, म्हणजे दोघांचं लग्नच लागतं. बोल्ट पूर्ण काढा. गंज सोडवणारं तेल वरून सोडा, फ्रेम उलटी करून बीबीच्या डब्यातूनही सोडा आणि चार दिवस विसरून जा. मग पोस्टचं डोकं वाइसमध्ये आवळा आणि अख्खी फ्रेम फिरवा. फ्रेम हाच तुमचा लांब पाना. तापवून उपयोग नाही, ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बर्फाने पोस्ट गार केला तर तो जास्त आकसतो, ते करून बघा. शेवटचा उपाय हॅकसॉच्या पात्याने आतून उभी चीर पाडण्याचा. कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम विरघळतं हे खरं, पण डोळे आणि कातडीही वाचत नाही. मी केलं नाही, तुम्हीही करू नका.

नवा पोस्ट ग्रीस लावूनच घाला, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढा.

आतल्या गंजाचं काय?

बाहेरचा गंज दिसतो म्हणून त्रास देतो. नळी खाणारा आतला. फ्रेम सुटी असतानाच काम करून घ्या: जवसाचं उकळलेलं तेल प्रत्येक नळीत सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी गोल फिरवा, जास्तीचं गळू द्या. दोन-तीन दिवसांत आत चिवट पापुद्रा तयार होतो. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा. बीबीच्या डब्याला खाली भोक नसेल तर एक पाडून घ्या, पावसाचं पाणी तिथेच साठतं.

सुटे भाग कुठे मिळतील?

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार असतो. तिथे व्हर्नियर घेऊन जा आणि चेहऱ्यावर उत्साह दाखवू नका. गल्लीतल्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर वाइनमन किंवा मफॅकचे ब्रेक धूळ खात पडलेले असू शकतात. मालकाला त्यांची किंमत माहीत नसते असं समजू नका, त्याच्याकडेही मोबाइल आहे. छर्रे तर कुठेही: बीबीला पाव इंची, दर बाजूला अकरा, मागच्या हबला पाव इंची, दर बाजूला नऊ. जुने छर्रे पुसून परत घालू नका, नव्यांची किंमत चहाएवढी असते.

पैसे कुठे घालावेत, असं विचाराल तर चाकांत. फ्रेम फुकट मिळाली, म्हणून चाकंही स्वस्तातली नकोत. ३२ किंवा ३६ आऱ्यांची, हाताने बांधलेली, बारकाईने आउट काढलेली (आऱ्या ताणून डुगणं घालवलेली) जोडी लावली की जुनी फ्रेम तुम्हाला चकित करते.

नुसती भिंतीवर लावली तर?

चालेल. आतून तेल सोडून मगच लावा.

बांधून झाली. पहिल्या दिवशी किती लांब जाऊ?

घरापासून चालत परतता येईल इतकंच. खिशात पाना आणि षटकोनी किल्ल्या. स्टेमची पाचर धरते का ते पाहायला पुढचं चाक गुडघ्यांत पकडून हँडल पिळा, आणि स्टेमवरची किमान खोलीची खूण नळीच्या आत आहे ना, ते बघा. पन्नासेक किलोमीटर झाले की क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा; चौकोनी एक्सलवर क्रँक पहिल्या काही फेऱ्यांत बसतं, आणि ढिलं तसंच चालवलं तर त्याचं चौकोनी भोक कायमचं बिघडतं. ब्रेकच्या तारा सैल पडल्या असतील, त्या ओढून घ्या. नव्या आऱ्या पहिल्या दिवशी टणटण वाजतात, घाबरू नका. रविवारी चाक परत दुकानात नेऊन आउट काढून आणा.